भूकंप आणि अणुइंधनाचे कारखाने : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

अणुइंधनाच्या कारखान्यातला भूकंपाचा धोका दोन प्रश्नांवर ठरतो : जमीन किती हलेल, आणि ती हलली तर आतले काय बाहेर पडेल. पहिल्या प्रश्नावर भूशास्त्रज्ञांचे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहेत. दुसरा प्रश्न मात्र बराच काळ कागदावर सुटलेला मानला गेला. तो तसाच पडून असल्याचे 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्यात उघड झाले, आणि जुन्या कारखान्यांच्या फेरमूल्यांकनाच्या वादाला धार आली.

हा कारखाना इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदीकाठच्या मेट्रोपोलिस गावाजवळ आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा कारखाना 2025 पर्यंत हनीवेल कंपनीच्या मालकीचा होता. खाणीतून आलेल्या युरेनियमच्या पिवळ्या भुकटीचे, म्हणजे यलोकेकचे, युरेनियम हेक्साफ्लोराइड करणारा तो अमेरिकेतला एकमेव कारखाना. हे हेक्साफ्लोराइड पुढे समृद्धीकरणाला जाते आणि तिथून इंधनाच्या गोळ्या बनवायला. नदीपलीकडे, केंटकी राज्यात, पडूकाचा जुना समृद्धीकरण कारखाना आहे. तिथले समृद्धीकरण 2013 मध्ये थांबले.

दोन्ही कारखाने न्यू मॅड्रिड भूकंपक्षेत्राच्या पट्ट्यात येतात. 16 डिसेंबर 1811, 23 जानेवारी 1812 आणि 7 फेब्रुवारी 1812 या तीन दिवशी तिथे मोठे भूकंप झाले. त्या वेळी मोजयंत्रे नव्हती, त्यामुळे त्यांची तीव्रता 7 ते 8 यांच्या दरम्यान कुठेतरी धरली जाते. मिसिसिपी नदीचा प्रवाह काही वेळ उलटा वाहिल्याचे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, आणि टेनेसीतले रीलफूट सरोवर त्याच उलथापालथीतून आजच्या रूपाला आले.

2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात भूकंप आणि त्सुनामीने झालेल्या अपघातानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने अणुभट्ट्यांबरोबर इंधनाचे कारखानेही तपासायला घेतले. मे 2012 मध्ये निरीक्षक मेट्रोपोलिसला गेले. प्रक्रियेच्या इमारतीतल्या टाक्या, नळ आणि यंत्रे भूकंपात किंवा चक्रीवादळात जागेवर राहतील असे आधार, तिरके पट्टे आणि जखडण्या तिथे नव्हत्या. आपत्कालीन आराखड्यात जेवढी गळती गृहीत धरली होती, त्याहून बरीच जास्त गळती होऊ शकते असा निष्कर्ष निघाला. देखभालीसाठी थांबवलेला कारखाना मग सुरू झालाच नाही. कामगारांना घरी बसावे लागले, मजबुतीकरण झाले, आणि 2013 च्या उन्हाळ्यात उत्पादन पुन्हा सुरू झाले. इथे भूशास्त्रात नवे काही सापडले नव्हते. 1811-12 चे भूकंप सगळ्यांना ठाऊक होतेच. निरीक्षकांनी फक्त आत जाऊन पाहिले.

या विषयावरच्या दोन बाजू पुढे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष या जुन्या रीतीने मांडल्या आहेत. पूर्वपक्षात कारखाने चालवणाऱ्यांचा आणि अनेक अनुभवी अभियंत्यांचा विचार आहे, उत्तरपक्षात फेरमूल्यांकनाचा आग्रह धरणाऱ्यांचा.

पूर्वपक्ष : भट्टीचे माप इंधन कारखान्याला लावण्यातच पहिली गफलत होते. फुकुशिमात भट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंद झाल्या होत्या. घात झाला तो इंधनात उरलेल्या उष्णतेने. पाणी फिरवणारी वीज गेली आणि इंधन वितळले. ताज्या युरेनियमला अशी उरलेली उष्णता नसते. वीज गेली की कारखाना थांबतो, पुढे काही शिजत राहत नाही. उरतो तो रासायनिक धोका, आणि असे विषारी वायू हाताळणारे कारखाने जगभर वस्तीलगत चालू आहेत. त्यांना कुणी हजारो वर्षांतून एकदा होणाऱ्या भूकंपाचा हिशेब विचारत नाही.

उत्तरपक्ष : रासायनिक धोका म्हणजे किरकोळ धोका, हे आपण कशावरून ठरवता? युरेनियम हेक्साफ्लोराइडला हवेतला दमटपणा लागला की त्याचे दोन पदार्थ होतात : युरेनिल फ्लोराइडची धूळ आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू. हा वायू फुप्फुसे जाळतो. 4 जानेवारी 1986 रोजी ओक्लाहोमातल्या गोर या गावाजवळच्या कारखान्यात एका सिलिंडरमध्ये प्रमाणाबाहेर हेक्साफ्लोराइड भरले गेले. जादा माल काढून घेण्यासाठी तो वाफेने तापवला, आणि तो फुटला. एक कामगार दगावला. त्याचा जीव घेतला आम्लवायूने. किरणोत्साराचा त्यात भाग नव्हता. आणि हे भूकंपाविना, एकाच सिलिंडरने घडले.

दोन्ही बाजूंना इथे एक तपशील जोडायला हवा, कारण पुढचा बराच वाद त्याच्यावर फिरतो. हेक्साफ्लोराइड नेहमीच्या तापमानाला घन असते. साध्या दाबाखाली ते साधारण 56 अंश सेल्सियसला थेट वायू होते. दाबाखाली 64 अंशांच्या वर ते द्रव होऊ शकते. घन अवस्थेतल्या सिलिंडरला भोक पडले तर गळती हळू होते, कधी कधी तयार झालेल्या क्षारांनीच भोक बुजते. द्रव अवस्थेत मात्र नळ तुटला की माल झपाट्याने वायुरूपात बाहेर येतो. मेट्रोपोलिसला शेवटचे शुद्धीकरण ऊर्ध्वपातनाने होते, म्हणजे द्रवाचेच काम. भरलेला मोठा सिलिंडर थंड होऊन आतला माल पूर्ण घट्ट व्हायला पाच दिवस ठेवावा लागतो. म्हणून ‘कारखान्यात किती युरेनियम आहे’ हा आकडा फारसा कामाचा नाही. धक्का बसेल त्या क्षणी द्रवरूपात किती आहे आणि ते किती नळांत विखुरलेले आहे, हे विचारावे लागते.

पूर्वपक्ष : मग धक्का किती मोठा, हेही विचारावे लागेल. 1990 च्या दशकापासून न्यू मॅड्रिड परिसरात उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची हालचाल मोजली जाते. भूपृष्ठावर ताण साठत असल्याची खूण जवळजवळ मिळत नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे सेथ स्टाइन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की 1811-12 चा उद्रेक कदाचित संपत आलेल्या प्रकरणाचा शेवट होता, आणि आज तिथे होणारे लहान धक्के हे त्याचेच दोन शतके रेंगाळलेले पडसाद आहेत. अशा जागी कॅलिफोर्नियाच्या तोडीचे बांधकाम मागणे म्हणजे पैसा जमिनीत गाडणे.

उत्तरपक्ष : जमिनीने स्वतः लिहून ठेवलेला पुरावा वेगळा आहे. मोठ्या भूकंपात पाण्याने भरलेली वाळू द्रवासारखी होऊन वर उसळते आणि शेतात वाळूचे ढीग पडतात. न्यू मॅड्रिडच्या परिसरात चर खणून असे ढीग अभ्यासले गेले. त्यांखाली दबलेली खापरे आणि कोळसा यांवरून काळ ठरवला गेला. 1811 च्या आधी साधारण इ. स. 900 आणि इ. स. 1450 च्या सुमारास तसेच मोठे भूकंप होऊन गेले होते. तीन वेळा घडलेली गोष्ट चौथ्यांदा घडणार नाही, हे दोन-तीन दशकांच्या मोजमापावरून कसे म्हणता येईल? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने 1811-12 सारख्या भूकंपाची 50 वर्षांतली शक्यता 7 ते 10 टक्के धरली आहे, आणि 6 किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेच्या भूकंपाची 25 ते 40 टक्के.

महाराष्ट्राचा अनुभव इथे उत्तरपक्षाच्या बाजूने साक्ष देतो. दख्खनचे पठारही न्यू मॅड्रिडसारखे भूपट्टाच्या आत, त्याच्या कडांपासून दूर आहे, आणि ‘स्थिर’ म्हणून ओळखले जात होते. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला, धरणाला तडे गेले, आणि धरणात बसवलेल्या यंत्रावर गुरुत्वप्रवेगाच्या 0.63 पट धक्का नोंदला गेला. ती नोंद आजही जगभर धरणांच्या गणितात वापरली जाते. त्यानंतर भारताचा भूकंपप्रवण नकाशा बदलला. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली तेव्हा ते गाव सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. पुढे 2002 मध्ये तो पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला. नकाशा दोन्ही वेळा भूकंपानंतर सुधारला. मात्र कोयनेचा भूकंप जलाशयाशी जोडला जातो, न्यू मॅड्रिडचा नाही. साम्य आहे ते ‘इथे काही होत नाही’ या खात्रीपुरते.

पूर्वपक्ष : खात्री कुणीच देत नाही, हिशेब दिला जातो. परवाना देताना अमुक पुनरावृत्तिकालाचा भूकंप धरायचा असे ठरते. 475 वर्षांचा भूकंप म्हणजे 50 वर्षांत तो ओलांडला जाण्याची शक्यता 10 टक्के. 2475 वर्षांचा म्हणजे 2 टक्के. साध्या इमारती याच हिशेबाने उभ्या राहतात आणि लोक त्यांत राहतात. शिवाय आराखड्याचा आकडा ओलांडला म्हणजे वस्तू मोडली असे होत नाही. 23 ऑगस्ट 2011 ला व्हर्जिनियात 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि नॉर्थ ॲना अणुकेंद्रात आराखड्याच्या मर्यादेपेक्षा जास्त धक्का बसला. वापरलेले इंधन ठेवलेली, शंभर टनांहून जड अशी 27 पिंपे तिथे उघड्या चौथऱ्यावर उभी होती. त्यांतली 25 जागेवरून सरकली, काही साडेचार इंचांपर्यंत. एकही फुटले नाही. त्याआधी 2007 मध्ये जपानच्या काशिवाझाकी-कारिवा केंद्रात पहिल्या भट्टीच्या पायाशी 273 गॅल (गॅल हे जमिनीच्या प्रवेगाचे एकक) धरले होते आणि 680 गॅल नोंदले गेले. भट्ट्या सुरक्षित बंद झाल्या. अभियंत्यांनी ठेवलेली मोकळीक ही अशी कामाला येते.

उत्तरपक्ष : हीच दोन उदाहरणे नीट पाहावीत. पिंप हे एकसंध पोलादी भांडे. ते कशालाही जोडलेले नसते. साडेचार इंच सरकले तर चौथऱ्यावर ओरखडा उठतो, एवढेच. आता दोन टाक्या कल्पाव्यात, त्यांना जोडणारा ताठ नळ, आणि एक टाकी दुसरीपेक्षा साडेचार इंच जास्त सरकलेली. टाक्या शाबूत राहतील. नळाचा सांधा उघडेल. इंधनाचा कारखाना म्हणजे असे हजारो सांधे. काशिवाझाकीतही भट्टी वाचली, पण ट्रान्सफॉर्मरखालची जमीन शेजारच्या जमिनीपेक्षा जास्त खचली आणि ट्रान्सफॉर्मर पेटला. त्याच्या धुराची दृश्ये जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. जास्त खर्च करून मजबूत केलेली वस्तू टिकली आणि बिनमहत्त्वाची म्हणून सोडलेली मोडली. जुन्या इंधन कारखान्यात जवळपास सगळेच या दुसऱ्या वर्गात मोडते.

वादाचा कणा इथे आहे, आणि तो जमिनीच्या गणिताइतका चर्चेत येत नाही. इंधन कारखान्यांची सुरक्षितता बहुधा एकावर एक अडथळे रचून सांभाळली जाते. समृद्ध युरेनियम हाताळताना आपोआप साखळी प्रक्रिया सुरू होऊ नये म्हणून नियम असा असतो की किमान दोन परस्परांशी संबंध नसलेल्या आणि एरवी दुर्मिळ असलेल्या चुका एकाच वेळी झाल्याशिवाय अपघात होता कामा नये. भांडी ठरावीक अंतरावर ठेवायची, ही एक अट. आसपास पाणी येऊ द्यायचे नाही, ही दुसरी, कारण पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते आणि साखळी प्रक्रियेला मदत करते. रोजच्या कामात या दोन अटी एकदम मोडणे जवळजवळ अशक्य असते. भूकंपाला मात्र ‘परस्परांशी संबंध नाही’ ही अट लागू पडत नाही. जो धक्का मांडणीचे रॅक ढकलून भांडी एकत्र आणतो, तोच छताजवळचा आग विझवण्याचा नळही फोडतो. कागदावर दोन्ही शक्यतांचा गुणाकार करून आलेला नगण्य आकडा त्या सेकंदांपुरता निरर्थक ठरतो. पूर्वपक्षाच्या आकडेमोडीत पुनरावृत्तिकाल बरोबर असतो. चुकते ते पुढचे गृहीतक.

पूर्वपक्ष : मान्य. पण याला उपाय स्वस्त आहे. नळाला लवचीक सांधा, टाकीला बोल्ट, हलणाऱ्या यंत्राला तिरका आधार, धक्का जाणवताच झडप बंद करणारे यंत्र. हे करावे. त्यासाठी संपूर्ण भूकंपशास्त्र नव्याने मांडायची, मोठमोठे अहवाल मागवायची आणि देशातला एकमेव रूपांतरण कारखाना वर्षभर बंद ठेवायची गरज काय? मेट्रोपोलिसजवळ साडेसात तीव्रतेचा भूकंप झाला तर कारखान्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे विटांच्या जुन्या घरांखाली मरतील. त्याच पैशात शाळा मजबूत झाल्या असत्या.

उत्तरपक्ष : उपाय स्वस्त होता तर अर्धे शतक तो का झाला नाही? कुणी विचारले नाही म्हणून. आणि घरांचा मुद्दा उलटाच लागू होतो. अशा कारखान्यांच्या आपत्कालीन आराखड्यात शेजाऱ्यांना सांगितलेले असते की भोंगा झाला की घरात जा, दारेखिडक्या बंद करा, पंखे आणि वातानुकूलन थांबवा. वायूचा लोट निघून जाईपर्यंत बंद घर चांगले संरक्षण देते. भूकंपाने भिंती फाटल्या, काचा फुटल्या, लोक पडझडीच्या भीतीने मैदानात उभे राहिले, तर हा सल्ला कुणासाठी? फोन बंद, नदीवरचे पूल वाहतुकीला बंद, अग्निशमन दल ढिगारे उपसण्यात गुंतलेले. कारखान्यातली गळती आणि गावातली पडझड ही दोन संकटे वेगवेगळी मोजता येत नाहीत.

या फेरीत पूर्वपक्ष काही अंशी जिंकतो. नेमके कोणते पोलाद कुठे लावायचे हे कळायला दहा हजार वर्षांच्या भूकंपाचा बारकाईचा अभ्यास लागत नाही. टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन इमारतीतून फिरलेला अनुभवी अभियंता निम्मे दोष एका दिवसात दाखवतो. पण कोणती टाकी आधी आणि कोणती नंतर, किती मजबूत म्हणजे पुरेसे, हे ठरवायला धक्क्याचा आकडा लागतोच. 40 वर्षे चालणाऱ्या कारखान्यात 475 वर्षांचा भूकंप ओलांडला जाण्याची शक्यता 8 टक्क्यांच्या आसपास येते, 2475 वर्षांचा धरल्यास दीड टक्क्याच्या थोडी वर. ज्या टाकीतला वायू गावापर्यंत जाऊ शकतो तिच्यासाठी 8 टक्के चालतील असे उघडपणे म्हणायला कुणी तयार होत नाही. कार्यालयाच्या इमारतीसाठी तेच सहज चालतात.

आतापर्यंतचे बोलणे ताज्या युरेनियमच्या कारखान्यांचे झाले. वापरलेले इंधन विरघळवून त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढणाऱ्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात ‘उरलेली उष्णता नाही’ हा पूर्वपक्षाचा पहिलाच मुद्दा गळून पडतो. तिथला अतिकिरणोत्सारी द्रव टाक्यांत ठेवून सतत थंड करावा लागतो. जपानच्या आओमोरी प्रांतातल्या रोक्काशो कारखान्याचे बांधकाम 1993 मध्ये सुरू झाले. वर्षाला 800 टन इंधनावर प्रक्रिया करण्याची त्याची क्षमता, पण पूर्ण होण्याची तारीख वीसहून अधिक वेळा पुढे गेली आहे. फुकुशिमानंतर डिसेंबर 2013 मध्ये इंधन कारखान्यांसाठी नवे नियम लागू झाले, आणि इथे धरायचा धक्का 450 गॅलवरून 700 गॅलवर नेण्यात आला. समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या भ्रंशांची लांबी किती धरायची, यावर भूशास्त्रज्ञ आणि कंपनी यांचे अजून जमलेले नाही. जुलै 2020 मध्ये नियामक प्राधिकरणाने सुरक्षा आराखडा मंजूर केला. त्यानंतर नव्या आकड्याप्रमाणे नळानळाची तपासणी सुरू झाली आणि तीच वर्षानुवर्षे चालली.

पूर्वपक्ष : रोक्काशोतही वेळ हाताशी असतो. जुलै 2022 मध्ये चुकून एक झडप बंद राहिल्याने तिथल्या एका टाकीचे शीतकरण सुमारे 8 तास थांबले. द्रवाचे तापमान थोडे वाढले आणि एवढ्यावर निभावले. भट्टीत हेच 8 तास जीवघेणे ठरले असते.

उत्तरपक्ष : त्या दिवशी जमीन स्थिर होती, वीज होती, रस्ते चालू होते, आणि तरीही चूक लक्षात यायला 8 तास गेले.

शेवटचा मतभेद फेरमूल्यांकन कधी करायचे याचा आहे, आणि देशांनी त्याची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. अमेरिकेत समृद्ध युरेनियम हाताळणाऱ्या कारखान्यांना 2000 च्या नियमाने एकत्रित सुरक्षा विश्लेषण सक्तीचे झाले. बांधणीचे मूळ निकष मात्र नव्या कारखान्यांना आणि नव्या प्रक्रियांनाच लागू झाले. जुने त्यातून सुटले. मेट्रोपोलिसच्या अनुभवानंतर जून 2015 मध्ये आयोगाने परिपत्रक काढून विचारले की भूकंप, पूर, वादळ यांचा विचार तुमच्या विश्लेषणात कसा केला आहे ते दाखवा. साउथ कॅरोलिनातला कोलंबियाचा इंधन कारखाना हे त्याला उत्तर देणाऱ्या ठिकाणांपैकी एक. त्याच राज्यातल्या चार्ल्सटन शहराची 31 ऑगस्ट 1886 च्या भूकंपाने धूळधाण केली होती. पूर्वपक्षाला ही पद्धत पुरेशी वाटते : नवी माहिती आली की प्रश्न विचारावा, एरवी परवाना हाच निकाल मानावा.

फ्रान्सने 2006 च्या कायद्याने दुसरा मार्ग धरला. तिथे ला हाग येथील पुनर्प्रक्रिया कारखान्यासह प्रत्येक मोठ्या अणुसुविधेची दर दहा वर्षांनी पूर्ण फेरतपासणी होते, मग नवे काही सापडलेले असो वा नसो. जपानने नवा नियम आला की तो जुन्या कारखान्यालाही लागू, असे ठरवले. रोक्काशोचा उशीर हा त्याचाच एक परिणाम. उत्तरपक्षाचे मत फ्रेंच पद्धतीकडे झुकते, आणि मेट्रोपोलिसचा पुरावा त्याला बळ देतो : तिथले मोकळे नळ नव्या माहितीमुळे सापडले नाहीत, तपासणीची वेळ आली म्हणून सापडले, आणि ती वेळ एका परदेशी त्सुनामीने आणली. त्या कारखान्याने 2017 च्या अखेरीस मंदीमुळे उत्पादन थांबवले, 2020 मध्ये त्याच्या परवान्याला 40 वर्षांची मुदत मिळाली, आणि 2023 मध्ये तो पुन्हा चालू झाला. दहा वर्षांच्या हिशेबाने 2060 पर्यंत तिथे चार फेरतपासण्या झाल्या असत्या. सध्याच्या अमेरिकी पद्धतीत तेवढ्या होतीलच असे बंधन नाही.